खोल्यांच्या आळीची ओटी

लोक प्रवासवर्णन लिहितात ते निदान राज्य तरी ओलांडून आलेले असतात. मी तालुकासुद्धा ओलांडला नाही. बावधनला बसमध्ये बसले आणि पिरंगुटच्या अलीकडे उतरले, तोवर थर्मासमधला चहासुद्धा गार झाला नव्हता. तरीही लिहितेय, कारण पाच-सहा देश हिंडून जे झालं नाही ते त्या एका सकाळी झालं. मी एका गावची मानकरीण झाले. माझी इच्छा नसताना झाले असं लिहिणार होते, पण ते काही खरं नाही. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. त्या गावात माझं नाव दरवर्षी घेतलं जाणार आहे आणि मला तिथं जायला बंदी आहे. ही बंदी मीच घालून घेतली आहे, कशी ते सांगते.

याची सुरुवात माझ्या धाकट्याकडे, परदेशात झाली. तिथं आम्हाला एका जुन्या मोहल्ल्यातून पायी फिरवलं. बोटीनं आलेली गरीब माणसं इथं एका खोलीत दहा-दहा राहायची, हा त्यांचा जिना, ही त्यांची मोरी, असं एक बाई छत्री उंच धरून सांगत होती आणि आम्ही तिकीट काढून परक्यांच्या मोरीत डोकावत होतो. माझ्या नवऱ्याला ते फार आवडलं. त्यांना परदेशातलं सगळंच आवडतं. परत आलो तर सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात, ‘स्थलांतरितांची ऐतिहासिक वस्ती, मार्गदर्शकासह पायी फेरी’. खाली बारीक अक्षरात, नाश्त्यासह. हे म्हणाले, बघ, आपल्याकडेही सुरू झालं. मी म्हटलं, नाश्ता आहे तर जाऊ.

आता ऐतिहासिक म्हणजे किती? त्या बाजूला पहिले कारखाने आले तेव्हा गावातल्या शेतकऱ्यांनी गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि बाहेरून आलेल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. त्यातली सगळ्यात जुनी रांग साधारण माझ्या लग्नाएवढी जुनी आहे. माझं लग्न ऐतिहासिक असल्याचं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बसमध्ये आम्ही अमरावतीचे दोघं, एक कुटुंब इंदूरचं, एक आजोबा बेळगावचे, दोघी बहिणी नागपूरच्या. सगळे स्थलांतरित बघायला निघालेले. आम्ही कुणीही स्थलांतरित नव्हतो. आम्ही पुण्यात सेटल झालो होतो.

गिरणी

फेरी भरवणारा ओंकार नावाचा तरुण होता. त्याच्या कमरेला एक छोटा स्पीकर लटकवलेला. ‘जिवंत वारसा’ हे दोन शब्द त्याला फार प्रिय होते. पण खरी वाटाडी होती मल्लव्वा, त्या आळीतली सगळ्यात जुनी भाडेकरीण आणि आळीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीची मालकीण. इरकली लुगडं, कपाळावर भलंमोठं कुंकू, आणि बोलणं असं की ओंकारच्या स्पीकरची काही गरजच नव्हती. गुलबर्ग्याकडून नवऱ्यामागं आली तेव्हा थोरली लेक कडेवर होती. आता त्या लेकीची लेक शाळेत जाते. मराठी ती इथं येऊन शिकली, त्यामुळे तिचं मराठी थेट मुळशीचं.

ओंकारनं सुरुवात केली की मित्रहो, स्थलांतर ही मानवी इतिहासातली... मल्लव्वानं त्याला तिथंच थांबवलं आणि आम्हाला गिरणीत ओढलं. तिचा इतिहास पिठाचा होता. लातूर-बीडकडचे ज्वारी आणतात. बिहारचे भाजलेले हरभरे आणतात, त्याचं सत्तू करतात. ओडिशाचे सणाला तांदूळ आणतात. गावचे मालक लोक भाकरीला इंद्रायणी तांदूळ आणतात आणि जात्यावर आधी आमचं घाला म्हणतात. सत्तूनंतर लगेच गहू घातला तर पोळीला हरभऱ्याचा वास येतो, म्हणून पूर्वी इथं भांडणं व्हायची. हिनं वार लावून दिले. सोमवार बिहारचा, मंगळवार लातूरचा, असं. आम्ही वाहवा केली तर तिला ती कमी वाटली, म्हणून तिनं आम्हाला पुन्हा एकदा सगळे वार सांगितले. बाई स्वतःचं कौतुक करण्यात अजिबात कंजूष नव्हती. मला अशी माणसं आवडतात, माझंही तसंच आहे.

नाश्त्याला पोहे नव्हते, देव पावला. शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या, तिच्या माहेरच्या, वर तूप. आमच्याकडे अमरावतीला पुरणाचं काय ते कौतुक, शेंगदाण्याला पोळीत कुणी घेत नाही. मी तीन खाल्ल्या आणि आमच्या माहेरच्या चालीरीतींबद्दल माझं मत जरासं बदललं.

मग तिनं गिरणीतल्या कपाटावरून एक ताट खाली काढलं. वरचा रुमाल बाजूला केला. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपारी, बांगड्या. त्या दिवशी गावात वाघजाईची जत्रा होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाईनं फेरीचा दिवस मुद्दाम तोच धरला होता.

गोष्ट अशी होती. जत्रेच्या दिवशी देवीची ओटी भरतात ती घराण्यांच्या क्रमानं. आधी पाटलांचं घर, मग भावकीतली घरं, मग बाकीचं गाव. प्रत्येक ओटीला माइकवरून नाव घेतात. सगळं गाव उरकलं की माइक बंद होतो आणि मग खोल्यांतल्या बायका ओळीनं जाऊन आपापली ओटी ठेवून येतात. देवळात जायला त्यांना मज्जाव नव्हता, फक्त त्यांचं नाव घ्यायला तिथं कुणी थांबलेलं नसायचं. मल्लव्वा इतकी वर्षं जत्रेच्या समितीच्या मागं लागली होती. खोल्यांच्या आळीचीपण एक ओटी घ्या, माइक चालू असताना. देवीच्या नैवेद्याचं पीठ तर माझ्याच गिरणीतून जातं, मग नाव घ्यायला काय जड जातं? या वर्षी समितीनं हो म्हटलं होतं. ओटी आळीतल्या सगळ्यात जुन्या भाडेकरणीनं भरायची. ती सगळ्यात जुनी भाडेकरीण पुण्याहून बसभर साक्षीदार मागवून निघाली होती, आणि ते साक्षीदार आम्ही.

खोल्यांची आळी

देवळाकडं जायच्या आधी खोल्या बघायच्या होत्या. तिथं शिरताना मल्लव्वानं ओठांवर बोट ठेवलं. रात्रपाळीची माणसं झोपली होती. आम्ही एखाद्या संग्रहालयात शिरावं तसे चवड्यांवर चालू लागलो. एकेका दारापुढं चपलांचे ढीग, दोऱ्यांवर निळे गणवेश वाळत टाकलेले, आळीच्या मध्यावर एकच नळ आणि नळापुढं बादल्यांची रांग. माणसं नव्हती, नुसत्या बादल्याच रांगेत उभ्या होत्या. ओंकार कुजबुजत्या आवाजात स्पीकरवरून म्हणाला, हा जिवंत वारसा. तेव्हा एक टॉवेल गुंडाळलेला माणूस तोंडात ब्रश धरून बाहेर आला. इंदूरच्या काकांनी त्याचा फोटो काढला. त्यानं ब्रश तसाच ठेवून मोबाइल आणला आणि आमचा फोटो काढला. हिशोब मिटला.

दुसऱ्या एकानं यांना बाजूला घेतलं आणि हिंदीत विचारलं, “कमरा देख रहे हैं क्या?” हे नाही म्हणेपर्यंत त्यानं सांगूनही टाकलं की घेऊ नका, पाण्याचा फार त्रास आहे, तुमच्या वयाला झेपणार नाही. यांना दिवसभर त्या वयाचंच लागलं होतं.

एका खोलीच्या दारात बिहारची बाई तव्यावर काही भाजत होती. मी शिष्टाचार म्हणून काय भाजताय विचारलं, तर तिनं आम्हाला बसवून घेतलं आणि हातात गरम लिट्टी ठेवली, कणकेच्या गोळ्यात सत्तू भरलेली, तुपात बुडवलेली. तिच्या त्या एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं राहत होती. एक पाळी कामावर जाते तेव्हा दुसरी झोपते, गादी गार होत नाही. हे ती हसत सांगत होती. परदेशात आम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या अशाच खोल्यांसाठी तिकीट काढून हळहळलो होतो. इथं हळहळायला जमेना, कारण ती बाई आणखी एक लिट्टी घ्या म्हणून आग्रह करत होती आणि मी घेत होते.

देऊळ

देवळापाशी पोचलो तेव्हा ढोल चालू होते. पाळणे, रसवंती, शेव-रेवडीची दुकानं, नवीकोरी नऊवारी नेसलेल्या बायका. गावच्या लोकांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा आनंद मावेना. पुण्याचे पाहुणे आले म्हणून लगेच खुर्च्या आल्या. मुळशीतल्या गावांत पाहुण्याला उभं ठेवणं म्हणजे पाप. इतक्या वर्षांत कुणी मल्लव्वाला तिथं खुर्ची दिली असेल असं वाटत नाही, निदान त्या दिवशी तरी मोजून आमच्यापुरत्याच आल्या.

ओट्या सुरू झाल्या. माइकवर समितीचे तात्या होते, पांढरं धोतर, भारदस्त आवाज. पाटलांचं घर झालं, भावकी झाली, गाव संपत आलं. मल्लव्वा माझ्या शेजारी ताट घेऊन उभी होती. इतका वेळ अखंड बोलणारी बाई आता ताटातला नारळ पुन्हापुन्हा सरळ करत होती. गाभाऱ्यात जायच्या आधी हातपाय धुवायचे म्हणून तिनं ताट माझ्या हातात दिलं. “जरा धरा म्याडम, आलेच,” म्हणाली आणि देवळामागच्या नळाकडं गेली.

आणि तात्यांनी पुकारलं, खोल्यांच्या आळीची ओटी.

मी ताट घेऊन उभी. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. तात्यांनी माझ्याकडं हात केला, या, या म्याडम, पाहुण्यांना वाट द्या. मागून कुणीतरी मला पुढं ढकललं. कुणीतरी माझा पदर डोक्यावर सारखा केला. आता यावर मी म्हणू शकले असते की अहो थांबा, हे ताट माझं नाही. म्हणायला दोन शब्द लागतात. पण तात्यांनी माइक माझ्या तोंडापुढं धरून नाव विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या गर्दीत माझं नाव माइकवर येत होतं, आणि मी ते सांगितलं. सौ. वंदना अविनाश देशकर, बावधन. वर सोसायटीचं नावही सांगितलं. ढोल वाजले. गुरवानं खण-नारळ देवीच्या पायाशी ठेवला आणि माझ्या कपाळाला मळवट भरला. हे खाली फोटोवर फोटो काढत होते आणि ओंकार टाळ्या वाजवत होता.

वळले तर पायरीशी मल्लव्वा. पायांवरून पाणी ओघळत होतं, हातही ओले. तिनं माझं कपाळ बघितलं, रिकामं ताट बघितलं.

“झालं?” म्हणाली. इतकंच.

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तात्यांना सांगायला लागले की चूक झाली, मान यांचा आहे, मी नुसती फेरीला आलेय. मल्लव्वा तावातावानं बोलायला लागली, तिच्या आळीतल्या बायका पुढं आल्या. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, आईच्या दारात एका आळीची एकच ओटी, ती पावली. ती आता काढून दुसरी ठेवता येत न्हाई. आणि याहून मोठं संकट पुढं होतं. ज्या घरानं मानाची पहिली ओटी भरली, मान त्या घराचा. दरसाल त्याच घरानं भरायची.

“अवो पर ह्या बावधनला ऱ्हात्यात,” मल्लव्वा म्हणाली.

“ऱ्हाऊ दे की. मान घराचा हाय, जागंचा न्हाई. आज तुज्यासाटी मोडला तर उद्या पाटलाची भावकी उठंल की आमचा बी क्रम बदला.”

त्यांचंही चुकत नव्हतं, हेच वाईट. अख्खी जत्रा त्या क्रमावर उभी होती. मला अमरावतीच्या आमच्या घरची आठवण झाली, तिथं गौरीच्या जेवणाला पहिलं पान कुणाचं यावरून दोन काकू वर्षभर बोलत नसत. आमचे हे मात्र तेवढ्यात माझ्या कानाशी म्हणाले, म्हणजे तू आता वतनदार झालीस. त्यांना मी नजरेनंच गप्प केलं.

तात्यांनी मल्लव्वाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माइकचं बटण बंद केलं. “ह्यात येक हाय,” म्हणाले. मानकरणीला अडचण आली तर ती आपल्या जागी दुसरी सवाष्ण धाडू शकते. मात्र निरोप तिचा स्वतःचा पाहिजे. आणि मग माइकवर दोघींचीही नावं घ्यावी लागतात, कुणाच्या वतीनं कोण आली ते. ही रीत जुनी होती, बाळंतपणात अडकलेल्या पाटलिणींसाठी काढलेली. एवढं सांगून ते मटणाच्या भांड्यांकडं बघायला निघून गेले.

परत

परतीच्या बसपर्यंत मल्लव्वा माझ्याशी बोलली नाही. बाकीच्यांना सगळं सांगितलं, रसवंती कुणाची, पाळणेवाला कुठला, सगळं. मला इतकं वाईट वाटत होतं की रेवडीसुद्धा घेतली नाही. बसच्या दारात मात्र तिनं माझा हात धरला.

“म्याडम, पुढल्या जत्रंला तुमाला काय अडचण हाय?”

मी प्रामाणिकपणे म्हटलं, काहीच नाही, मी निवृत्त आहे, मुलं बाहेर, मला कसली अडचण.

“मंग काडा,” ती म्हणाली.

ओंकारनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फेरी कशी वाटली विचारलं. इंदूरच्या काकांनी लिहिलं, अस्सल अनुभव, शेवटचा ओटीचा कार्यक्रम विशेष चांगला बसवला होता.

मी समजत होते की अडचण काढणं म्हणजे एक फोन करणं. तसं झालं नाही. यांनी फोटो ग्रुपवर टाकले होते, मळवट भरलेली मी, मागं देवी. सोसायटीत बायका मला मानकरीण म्हणू लागल्या. भाजीवाल्यासमोरसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. बँकेत एवढी वर्षं काम केलं, निरोपसमारंभात साहेबांनी माझं आडनावही चुकवलं होतं. आणि पुढची जत्रा जवळ आली तसा सोसायटीच्या महिला मंडळानं परस्पर बेत ठरवला की आपण सगळ्या आपल्या मानाच्या ओटीला जायचं. आपल्या! बस ठरली. साड्यांचा रंग ठरला. हेही म्हणाले की जायला काय हरकत आहे, तू ताट धर, मल्लव्वाला शेजारी उभी कर.

एक रात्र मी त्यावर विचार केला. शेजारी उभी कर हे ऐकायला बरं वाटतं. पण मी तिथं उभी असले तर अडचण कसली, आणि अडचण नसेल तर तिचं नाव कोण घेणार? ती पुन्हा माइक बंद व्हायची वाट बघणार, आणि या वेळी माझ्या शेजारी उभी राहून. मला माझाच राग आला, एवढं साधं समजायला मला रात्र लागली म्हणून.

सकाळी उठून मी लंगडायला लागले.

गुडघा हा या वयात कुणालाही पटतो. पण सोसायटीत डॉक्टर दोन आहेत आणि दोघांनाही माणुसकी आहे. मला आठवडाभर लिफ्टपर्यंत लंगडावं लागलं, एकदा चुकून दुसऱ्या पायानं लंगडले तेही यांच्याच लक्षात आलं. त्यांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, लेप आणतो, पटायला बरा. मानकरीणच येत नाही म्हटल्यावर मंडळाची बस रद्द झाली आणि बायका माझ्यावर नाराज झाल्या. काही अजून आहेत.

तात्यांना फोन करून मी रीतसर निरोप दिला. माझ्या गुडघ्याला अडचण आहे, माझ्या जागी मल्लव्वा येतील. तात्यांनी विचारलं, लई दुखतंय का? मी म्हटलं, फार. ते म्हणाले, बरं झालं.

जत्रेच्या दिवशी मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसले, धडधाकट पाय स्टुलावर, त्यावर लेप. फोन लावून ठेवायचा हे मल्लव्वानंच बजावलं होतं. आधी नुसते ढोल, मग पाटलांचं घर, भावकी, एकेक नाव. तिचा श्वास जवळून ऐकू येत होता. मग तात्यांचा आवाज आला. खोल्यांच्या आळीची ओटी, बावधनच्या सौ. वंदना अविनाश देशकर यांच्या वतीनं... आणि जरासं थांबून, मोठ्यानं, सौ. मल्लव्वा शरणप्पा, गिरणीवाल्या. पुढं फोनमध्ये नुसता गलका होता, बांगड्या, ढोल, कुणीतरी हसत होतं. माझे डोळे भरून आले. मी फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं ती बोलली. ढोल लांब गेले होते.

“ऐकलं न्हवं?”

ऐकलं म्हटलं.

“तुमचं नाव आलं तवा समद्या बाया हिकडंतिकडं बघत हुत्या, ही कोन म्हनून. माजं आलं तवा माज्याकडं बघत हुत्या.”

मी विचारलं, पोळ्या केल्या का शेंगदाण्याच्या. केल्यात, म्हणाली, डबा धाडते. मग फोन ठेवता ठेवता थांबली.

“म्याडम, पुढल्या सालीबी येऊ द्या हां अडचण.”